‘त्या काळात चालायचं’ ही पाटी काढा

हॉलिवूडच्या जुन्या गुन्हेपटांचे हक्क, निगेटिव्ह आणि प्रती ज्यांच्या ताब्यात आहेत, त्या स्टुडिओंच्या, वाहिन्यांच्या आणि फिल्म-संग्रहालयांच्या कारभाऱ्यांना,



मी पुण्यात राहते. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड ज्या घरात जेवणाच्या पाटावरसुद्धा वाचले जायचे, अशा घरात मी वाढले. खून, पुरावा, संशयित आणि शेवटच्या प्रकरणातला उलगडा यांची गोडी मला तिथे लागली. गेलं वर्षभर मी 1912 पासून पुढच्या तीसेक वर्षांतले तुमचे गुन्हेपट मिळतील तिथून मिळवून ओळीने पाहिले. हे पत्र त्यातून आलं आहे.

यातल्या बऱ्याच चित्रपटांच्या आधी हल्ली एक पाटी येते. हा चित्रपट त्याच्या काळाची निर्मिती आहे, यातलं काही चित्रण आजच्या प्रेक्षकाला खटकू शकेल, अशा अर्थाची. तुमच्यापैकी काहीजण प्रामाणिकपणे पुढचं वाक्यही घालतात, की हे तेव्हाही चूकच होतं. पण पुष्कळ ठिकाणी पाटी पहिल्या वाक्यावरच थांबते. माझं भांडण त्या थांबण्याशी आहे. ‘काळच तसा होता’ हे वाक्य ऐकायला समजूतदार वाटतं, पण ते खरं नाही. त्याच काळात, त्याच शहरात, कधी कधी त्याच स्टुडिओत वेगळं काम झालेलं आहे. ते करणाऱ्या माणसांची नावं तुमच्या तळघरातल्या डब्यांवर लिहिलेली आहेत.

1915 चा ‘द चीट’ घ्या. सेसिल बी. डिमिल यांचा हा मूकपट. एक उधळी, श्रीमंत बाई रेड क्रॉसचे पैसे सट्ट्यात घालवते आणि हस्तिदंताच्या एका जपानी व्यापाऱ्याकडून कर्ज घेते. नवऱ्याच्या पैशातून ती ते परत करायला जाते, तेव्हा तो तिच्या खांद्यावर तापलेल्या शिक्क्याचा डाग देतो. ती गोळी झाडते, नवरा गुन्हा अंगावर घेतो, खटला उभा राहतो. सेस्सू हायाकावा यांनी तो व्यापारी इतक्या संयमाने उभा केला, की आजूबाजूचे सगळे हातवारे करणारे नट त्यांच्यापुढे कोरडे वाटतात. या एका चित्रपटाने ते अमेरिकेतले मोठे नट झाले. आणि त्याच वेळी लॉस एंजेलिसमधल्या ‘राफू शिंपो’ या जपानी वृत्तपत्राने चित्रपटाचा निषेध केला. 1915 सालीच. म्हणजे ज्यांच्यावर हे चित्रण बेतलं होतं, त्यांना ते चालत नव्हतं, आणि त्यांनी तसं छापूनही आणलं होतं.

पुढे 1918 साली चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला. पहिल्या महायुद्धात जपान मित्रराष्ट्र होता, त्यामुळे जपानी खलनायक अडचणीचा झाला. मग चित्रीकरण तेच, चेहरा तोच ठेवून फक्त मधल्या पाट्या बदलल्या, आणि जपानी व्यापारी एका रात्रीत ब्रह्मदेशी झाला. आज सहसा पाहायला मिळते ती हीच बदललेली प्रत. ते वाचून मी थबकले. मराठी माणसाला मंडाले ठाऊक आहे ते टिळकांच्या तुरुंगवासामुळे. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. त्याला स्वतःचं सरकार नव्हतं, वकिलात नव्हती, वॉशिंग्टनला तक्रारीचं पत्र धाडणारा कुणी नव्हता. खलनायकी कुणाच्या माथी मारायची याचा निर्णय अशा हिशेबाने झाला. मेक्सिकोने 1922 साली आपल्या लोकांची विटंबना करणाऱ्या कंपन्यांच्या चित्रपटांवर बंदी घातली, तेव्हा त्या कंपन्यांना भान आलं. ज्यांच्यामागे सरकार होतं त्यांचं ऐकलं गेलं. म्हणजे ऐकू येत होतं. मग बहिरेपणाचं खापर काळावर कसं फोडायचं?

आता चार्ली चॅनबद्दल. मला त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण तो मला मनापासून आवडतो आणि त्याच्यामुळेच मला सर्वांत जास्त त्रास झाला.

होनोलुलूच्या पोलीस खात्यात चँग अपाना नावाचा एक चिनी वंशाचा गुप्तहेर होता. 1898 साली तो नोकरीत लागला आणि तीन दशकांहून जास्त काळ त्याने काम केलं. पिस्तुलापेक्षा त्याचा भरवसा हातातल्या चाबकावर असे. जुगाराच्या अड्ड्यांवर एकट्याने धाडी घालणारा म्हणून त्याची ख्याती होती. अर्ल डेर बिगर्स या अमेरिकी लेखकाने 1925 साली ‘द हाउस विदाउट अ की’ या कादंबरीत चार्ली चॅन हा चिनी गुप्तहेर आणला, आणि अपानाचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं. गुन्हेकथेतला चिनी माणूस तोवर अफूच्या अड्ड्यावर सुरा घेऊन उभा असायचा. आता तो कायद्याच्या बाजूने उभा राहिला, डोक्याने काम करू लागला, घरी डझनभर मुलांचा बाप झाला. हा बदल लहान नव्हता.

पडद्यावर पहिला चॅन झाला 1926 साली, जॉर्ज कुवा या जपानी नटाच्या रूपाने. दुसरा 1927 साली, सोजिन कामियामा यांच्या रूपाने, तेही जपानी. 1929 च्या चित्रपटात ई. एल. पार्क काही मिनिटांपुरते दिसले. चिनी नट अजूनही नव्हता, तरी निदान आशियाई चेहरा होता. पण या चित्रपटांत चॅन कडेला असायचा. 1931 साली फॉक्सने त्याला मध्यभागी आणला, आणि त्याच क्षणी तो गोरा झाला. वॉर्नर ओलंड हे जन्माने स्वीडिश. त्यांनी सोळा चित्रपटांत चॅन रंगवला. त्यांच्यानंतर सिडनी टोलर यांनी बावीस, मग रोलंड विंटर्स यांनी सहा. तिघेही गोरे. पात्र दुय्यम असेपर्यंत ते आशियाई नटाला मिळालं, नायक झाल्याबरोबर काढून घेतलं गेलं. हा क्रम लक्षात घ्या, कारण ‘तेव्हा आशियाई नट उपलब्ध नव्हते’ हे उत्तर या क्रमापुढे टिकत नाही. नट होते, आणि तेच पात्र करून झालेले होते.

ओलंड वाईट नट होते असं मी म्हणणार नाही. त्यांचा चॅन हळू आवाजात बोलतो, कुणाचा अपमान करत नाही, उद्धट गोऱ्या पोलिसाला शेवटी नम्रपणे खोटं पाडतो. शांघायला ते गेले तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांचं स्वागत केलं, कारण पडद्यावरच्या चिनी माणसाला इतका मान याआधी कुणी दिला नव्हता. 1931 साली ‘द ब्लॅक कॅमल’चं चित्रीकरण हवाईत झालं, तेव्हा खुद्द अपाना सेटवर आला आणि त्या दोघांचं एकत्र छायाचित्र निघालं. एकाने आयुष्यभर हे काम केलेलं, दुसरा त्याच्या सावलीला रंग लावून उभा. ते छायाचित्र मी बराच वेळ पाहत होते.

आणि त्या चित्रपटांतला जिवंतपणा बहुतेक वेळा चॅनच्या मुलात सापडतो. ‘चार्ली चॅन इन पॅरिस’ (1935) पासून थोरल्या मुलाचं काम केई ल्यूक करू लागले. जन्म कँटनचा, वाढले सिएटलमध्ये, मूळचे चित्रकार. चुटचुटीत अमेरिकी इंग्रजी बोलणारा, बापाच्या प्रत्येक तपासात नाक खुपसणारा, पोरींच्या मागे धावणारा हा मुलगा बघताना वाटतं, की अमेरिकेत वाढलेला चिनी तरुण अमेरिकी पडद्यावर पहिल्यांदा मोकळा श्वास घेतो आहे. बाप रंगवलेला, मुलगा खरा. दोघे एका चौकटीत उभे राहिले की रंगभूषा अधिकच उघडी पडते.

याच केई ल्यूक यांना 1940 साली मोनोग्रॅम या छोट्या कंपनीने ‘फँटम ऑफ चायनाटाउन’मध्ये गुप्तहेर जेम्स ली वाँग केलं. त्याआधी पाच चित्रपटांत हा वाँग बोरिस कार्लॉफ यांनी रंगवला होता. अमेरिकी बोलपटात चिनी गुप्तहेराची मुख्य भूमिका चिनी वंशाच्या नटाने करण्याची ही पहिली वेळ. चित्रपट स्वस्तातला आहे, पटकथा ढिली आहे, पण त्यातला एक संवाद विसरता येत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञांनी आशियातली एक प्राचीन कबर उकरून आणलेली असते, आणि त्यावर कुणीतरी सुचवतं की मग चिनी शास्त्रज्ञांनीही इथे येऊन जॉर्ज वॉशिंग्टनची कबर खणावी. 1940 सालच्या एका दुय्यम रहस्यपटातला हा संवाद आहे. तो लिहिणाऱ्याला काळ आडवा आला नाही.

2003 साली फॉक्स मूव्ही चॅनेलने चॅनचे चित्रपट ओळीने दाखवायचं जाहीर केलं. आशियाई-अमेरिकी संघटनांनी आक्षेप घेतला, वाहिनीने कार्यक्रम रद्द केला. मग चाहत्यांनी ओरड केली, तेव्हा चर्चेची जोड देऊन चित्रपट पुन्हा लावले. तुमच्यापैकी पुष्कळांना यातून एवढाच धडा मिळाला, की असल्या चित्रपटांच्या वाटेला न जाणं बरं. मला उलटं वाटतं. चर्चेची जोड हा त्या साऱ्या प्रकरणातला एकमेव शहाणपणाचा भाग होता. आक्षेप घेणाऱ्यांचं दुःख खरं होतं, पण झाकून ठेवल्याने ओलंड यांच्याबरोबर केई ल्यूकही झाकले जातात.

अॅना मे वाँग यांच्याबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. जन्म लॉस एंजेलिसचा, 1905 चा. वडिलांची लाँड्री. चिन्यांना अमेरिकेत येण्यास बंदी करणारा 1882 चा कायदा 1943 पर्यंत लागू होता, त्यामुळे आपल्याच देशाबाहेर पाऊल टाकायचं तर परतीच्या हक्काची कागदपत्रं आधी करून ठेवावी लागत. 1931 च्या ‘डॉटर ऑफ द ड्रॅगन’मध्ये त्यांची नायिकेची भूमिका होती, हायाकावा गुप्तहेर होते, आणि ओलंड यांनी फू मांचू हा खलनायक केला होता. मोबदला असा नोंदला आहे: वाँग यांना 6,000 डॉलर, हायाकावांना 10,000, आणि जेमतेम तेवीस मिनिटं पडद्यावर असलेल्या ओलंड यांना 12,000. चिनी खुनी रंगवण्याचे पैसे चिनी नायिकेच्या दुप्पट.

हॉलिवूडच्या 1930 च्या निर्मितीसंहितेने गोऱ्या आणि काळ्या वंशांतले शरीरसंबंध दाखवायला मनाई केली होती. जुलै 1934 पासून जोसेफ ब्रीन यांच्या कचेरीने ती कडक राबवली, आणि व्यवहारात तिचा फास आशियाई कलाकारांच्याही गळ्याला बसला. नायक गोरा असला, मग तो चिनी वेशात का असेना, नायिका गोरीच शोधली जायची. ‘द गुड अर्थ’मध्ये पॉल म्युनी चिनी शेतकरी झाले आणि त्यांची बायको लुईझ रेनर झाल्या. रेनर यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं. वाँग यांना हव्या असलेल्या त्या भूमिकेचं दार त्यांच्यासाठी उघडलंच नाही.

पण त्याच 1937 साली पॅरामाउंटने ‘डॉटर ऑफ शांघाय’ काढला. तासाभराचा चित्रपट, दिग्दर्शक रॉबर्ट फ्लोरी. परदेशी माणसांना विमानातून चोरून आणणारी टोळी आहे, आणि सरकारी विमान मागे लागलं की टोळीवाले तळाचा दरवाजा उघडून माणसं खाली सोडून देतात. हा प्रसंग आजही अंगावर येतो. टोळीला नकार देणाऱ्या चिनी व्यापाऱ्याचा खून होतो, आणि त्याची मुलगी, म्हणजे अॅना मे वाँग, स्वतः तपासाला निघते. तिच्या जोडीला सरकारी तपास अधिकारी आहे, तोही आशियाई. हे काम फिलिप आन यांनी केलं. टोळीच्या मुळाशी कोण निघतं? एक प्रतिष्ठित, श्रीमंत, गोरी बाई. शेवटी अधिकारी नायिकेला लग्नाचं विचारतो आणि दोघे सुखाने जगतील अशा खुणेवर चित्रपट संपतो. ज्या बाईला आधीच्या चित्रपटांत प्रेम केलं की मरावं लागत होतं, ती इथे जिवंत राहिली. संहिता लागू होती, कायदा लागू होता, प्रेक्षक तेच होते, आणि तरी हा चित्रपट झाला. 2006 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची निवड झाली. तुमच्या पाटीला उत्तर म्हणून मला हा एक चित्रपट पुरतो.

फिलिप आन यांचं पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. त्यांचे वडील आन चांग-हो कोरियाच्या स्वातंत्र्यलढ्यातले अग्रणी होते. जपान्यांच्या तुरुंगवासाने खंगून 1938 साली ते गेले. आणि दुसऱ्या महायुद्धात हॉलिवूडने त्यांच्या मुलाला एकामागून एक क्रूर जपानी अधिकाऱ्यांच्या भूमिका दिल्या.

टोळीयुद्धांच्या चित्रपटांविषयी मी थोडक्यात लिहिते, कारण त्यांच्यावर पुस्तकांचे ढीग आहेत. ‘लिटल सीझर’मधला इटालियन गुंड केला बुखारेस्टमध्ये जन्मलेल्या एडवर्ड जी. रॉबिन्सन या ज्यू नटाने. ‘स्कारफेस’मधला इटालियन गुंड केला पॉल म्युनी यांनी, तेही पूर्व युरोपातून आलेले ज्यू. स्थलांतरितांनी एकमेकांचे वेश घेतले, त्याचा मला फारसा राग येत नाही. ‘स्कारफेस’ला सेन्सॉरने इतकं छळलं की मूळ दिग्दर्शकाच्या सहभागाशिवाय एक प्रसंग घुसडावा लागला. त्यात एक इटालियन गृहस्थ म्हणतो, की हे लोक आमच्या समाजाला काळिमा फासताहेत. म्हणजे 1932 सालीही एका समाजाची बदनामी होते आहे हे निर्मात्यांना कळत होतं, आणि त्यावर इलाजही करता येत होता. पण त्याच वर्षी रॉबिन्सन ‘द हॅचेट मॅन’मध्ये डोळ्यांना रंगभूषा करून चिनी मारेकरी झाले, आणि लोरेटा यंग त्यांची चिनी बायको झाल्या. रॉबिन्सन चिनी होऊ शकत होते. कुठल्याही चिनी नटाला ‘लिटल सीझर’मधला रिको होता आलं नसतं. वेश एकाच दिशेने चढत होता.

काळ्या कलाकारांना तर बहुतेक वेळा दार उघडायचं आणि टोपी घ्यायची एवढंच काम. म्हणून 1932 च्या ‘आय अॅम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग’मधला एक प्रसंग डोळ्यांसमोरून हलत नाही. साखळदंडातल्या नायकाला पळून जाता यावं म्हणून एक धिप्पाड काळा कैदी त्याच्या पायातल्या बेडीवर घणाचे घाव घालतो, अचूक, हाड न मोडता. नायकाचं उरलेलं आयुष्य त्या घावांवर उभं आहे. तो कैदी झालेल्या एव्हरेट ब्राउन यांचं नाव किती प्रेक्षकांना सांगता येईल? आणि मँटन मोरलँड यांचं? चॅनच्या पुढच्या चित्रपटांत ते बर्मिंगहॅम ब्राउन नावाचे घाबरट ड्रायव्हर झाले. भूमिका अपमानकारक आहे, भुताला भिऊन डोळे फिरवायची. पण ‘द स्कार्लेट क्लू’ (1945) मध्ये बेन कार्टर यांच्याबरोबर त्यांचा एक तुकडा आहे. दोघे जुने मित्र भेटतात आणि कुणीच वाक्य पुरं करत नाही. एकाने अर्धं म्हणायचं, दुसऱ्याने अर्ध्यावरच उत्तर द्यायचं. गाणाऱ्याने सम सोडून द्यावी आणि तबलजीने ती अलगद उचलावी तसं ते चालतं. रहस्य कुठल्या कुठे राहतं. चित्रपट झाकला तर हे दोन कलाकारही गेले, आणि पाटी लावून दाखवला तर प्रेक्षक त्यांच्याकडे फक्त अवघडून पाहणार. त्यांचं नाव घेऊन, त्यांनी कुठे आणि काय कमावलं होतं ते सांगून दाखवलं तरच ते नीट दिसतील.

कारण काळ्या लोकांचे स्वतःचे गुन्हेपटही याच काळात होत होते. ऑस्कर मिशो हे साउथ डकोटात शेती केलेले गृहस्थ. त्यांनी 1919 ते 1948 मध्ये चाळीसवर चित्रपट काढले, पैसे स्वतः उभे केले, गाडीत रिळं घालून गावोगावच्या काळ्या वस्तीतल्या थिएटरांपर्यंत स्वतः पोचवली. 1925 च्या ‘बॉडी अँड सोल’मध्ये त्यांनी पॉल रोबसन यांना पहिल्यांदा पडद्यावर आणलं, तेही धर्मोपदेशकाचं सोंग घेतलेल्या फरारी कैद्याच्या भूमिकेत. 1935 च्या ‘मर्डर इन हार्लेम’मध्ये कारखान्याच्या काळ्या रखवालदाराला एका गोऱ्या मुलीचं प्रेत सापडतं आणि संशय त्याच्यावरच येतो. या कथेमागे 1913 सालचं अटलांटातलं लिओ फ्रँक प्रकरण होतं, ज्याच्या अखेरीला 1915 साली जमावाने फ्रँक यांना तुरुंगातून काढून फाशी दिलं. मिशोंना या प्रकरणाने इतकं धरून ठेवलं होतं, की 1921 साली त्यांनी त्यावर एक मूकपट केला होता. तो आज उपलब्ध नाही. ‘मर्डर इन हार्लेम’मध्ये आरोपीची बाजू मांडायला काळा वकील उभा राहतो. प्रकाश कमीजास्त आहे, नट अडखळतात, फेरचित्रीकरणाला पैसे नव्हते हे दिसतं. पण गुन्ह्याची गोष्ट कोण सांगतो यावर संशयित कोण ठरतो ते अवलंबून असतं, हे मला या अडखळत्या चित्रपटाने जितकं दाखवलं तितकं तुमच्या गुळगुळीत चित्रपटांनी नाही. 1937 साली राल्फ कूपर यांचा ‘डार्क मॅनहॅटन’ आला, हार्लेममधल्या आकड्यांच्या जुगारावरचा, सगळे कलाकार काळे. त्यात गुंड काळा आहे, पोलीस काळा आहे, भला माणूसही काळा आहे. एका समाजात सगळ्या प्रकारची माणसं असतात, एवढी साधी गोष्ट दाखवायला एक वेगळी कंपनी काढावी लागली.

आता माझ्या गावाजवळची एक गोष्ट. 1944 च्या ‘द लॉजर’ या फॉक्सच्या चित्रपटात लंडनच्या जॅक द रिपरची छाया जिच्यावर पडते, ती नर्तकी मर्ल ओबेरॉन यांनी केली. त्यांच्या चेहऱ्यावरचे अपघाताचे व्रण दिसू नयेत म्हणून छायालेखक लुसियन बॅलर्ड यांनी कॅमेऱ्याशेजारी लावायचा एक खास दिवा केला. तो आजही ‘ओबी’ नावाने ओळखला जातो. या ओबेरॉन मुंबईत जन्मल्या, 1911 साली. अँग्लो-इंडियन घरातली मुलगी, कलकत्त्यात वाढलेली. चित्रपटाच्या जगात मात्र त्यांचा जन्म ऑस्ट्रेलियातल्या तास्मानियात झाला असं सांगितलं गेलं, आणि 1979 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते जपलं. 1935 सालच्या कामासाठी त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन होतं. आशियाई वंशाच्या अभिनेत्रीचं ते पहिलं, पण तेव्हा ते कुणालाच कळलं नाही. मुंबईच्या मुलीला तुमच्या पडद्यावर मधोमध उभं राहायचं तर मुंबई पुसावी लागली. तुमच्या चित्रपटांच्या माहितीपत्रकांत त्या दिव्याची गोष्ट कौतुकाने येते. मुंबईची गोष्टही तिथेच, त्याच परिच्छेदात यायला हवी.

तेव्हा माझं मागणं ऐका. ‘काळाची निर्मिती’ म्हणणारी पाटी काढा आणि त्या जागी माहिती द्या. हा चित्रपट पाहून तेव्हा कुणी निषेध केला होता, हे द्या. गोऱ्या नटाने रंगवलेल्या या पात्रासाठी तेव्हा कोण कलाकार शहरात होते, हे द्या. ज्यांची नावं मूळ श्रेयनामावलीत नाहीत पण जे ओळखता आले आहेत, त्या कलाकारांची नावं शेवटी जोडा. ‘द चीट’ दाखवताना ही 1918 ची बदललेली प्रत आहे, हे सुरुवातीलाच सांगा. ओलंड यांचा चॅन दाखवाल त्या आठवड्यात ‘फँटम ऑफ चायनाटाउन’ही दाखवा. ‘स्कारफेस’च्या शेजारी ‘डार्क मॅनहॅटन’ ठेवा. तुमच्यातल्या काही संस्थांनी हे काम सुरू केलं आहे. 2016 साली आफ्रिकन-अमेरिकी चित्रपटांच्या आद्य निर्मात्यांचा जो संच निघाला, त्यामुळे मला पुण्यात बसून मिशो पाहता आले. त्याबद्दल मनापासून आभार. पण डागडुजीचे पैसे अजूनही आधी प्रसिद्ध नावांकडे जातात आणि मोनोग्रॅमचे डबे रांगेत मागे राहतात.

आणि रांगेत फार काळ थांबता येणार नाही, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. 2013 साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार 1912 ते 1929 मधल्या सुमारे 11,000 अमेरिकी पूर्णलांबीच्या मूकपटांपैकी 70 टक्के नष्ट झाले आहेत. 9 जुलै 1937 ला न्यू जर्सीतल्या लिटल फेरी इथे फॉक्सचं नायट्रेट फिल्मचं गोदाम पेटलं आणि त्यांचे बहुतेक सगळे मूकपट एका रात्रीत गेले. नायट्रेट पेटलं की पाण्यानेही विझत नाही. आम्हा पुणेकरांना हे ऐकीव नाही. 2003 साली इथेही नायट्रेटच्या जुन्या प्रती अशाच जळाल्या, आणि गेलेल्या चित्रपटांचं नाव निघालं की इथले जाणते लोक अजून गप्प होतात.

तरी शोध सोडू नका. मिशोंचा ‘विदिन अवर गेट्स’ अमेरिकेत कुठेच उरला नव्हता. त्याची प्रत स्पेनच्या संग्रहालयात सापडली, स्पॅनिश पाट्यांसह, निराळ्या नावाने. न्यूझीलंडमध्ये असे कित्येक अमेरिकी मूकपट सापडले, कारण फिरून फिरून शेवटच्या मुक्कामाला पोचलेली प्रत परत न्यायला भाडं परवडत नसे. मुंबई हाही तेव्हा अमेरिकी मूकपटांचा मोठा मुक्काम होता. तुमच्या लोकांना इकडे पाठवा, इथल्या संग्रहालयांशी आणि जुन्या वितरकांच्या वारसांशी बोला, गंजलेले डबे उघडून बघा. आशियाई नटांनी साकारलेला चार्ली चॅन ज्यांत होता, ते 1926 आणि 1927 चे दोन्ही चित्रपट आज जगातल्या कुठल्याही ज्ञात संग्रहात नाहीत.

आपली,
पुण्याची एक प्रेक्षक